प्रत्येक काचेत तोच

माझी फिल्म सगळ्या वर्गाला धूसर दिसली आणि मला एकटीलाच स्पष्ट. त्याच दिवशी खरं तर मला शंका यायला हवी होती.

व्हिडिओ आर्टचं शेवटचं वर्ष होतं. मी बाजारातल्या माणसांच्या हातांवर फिल्म केली होती. मोजणारे हात, बांधणारे हात, रिकामे हात. शिकवायला ज्या मॅडम होत्या त्यांना आम्ही 'कात्री' म्हणायचो, कारण कुणीही काहीही दाखवलं की त्या पहिल्यांदा त्यातलं अर्धं उडवायला सांगायच्या. त्या दिवशी मात्र त्यांनी पूर्ण फिल्म बघितली आणि दिवे लावले.

"हा धूसरपणा मुद्दाम आहे?"

कुठला धूसरपणा हे मला कळलं नव्हतं. पण मागे हटणं आमच्या घराण्यात नाही. "हो मॅडम. आठवणी धूसर असतात ना..."

"असतात. पण तू माझ्याकडेसुद्धा डोळे बारीक करून बघतेयस, आणि मी अजून आठवण झालेले नाही. उद्या जाऊन डोळे तपासून घे. मग नवी फिल्म कर."

वर्ग खो खो हसला. मी हसले नाही. नवी फिल्म वार्षिक प्रदर्शनात लागली नाही तर वर्ष जाणार होतं, आणि वर्ष गेलं तर आईने माझ्यासाठी मामाच्या खोक्यांच्या कारखान्यात खुर्ची धरून ठेवली होती, हे मॅडमसकट सगळ्यांना माहीत होतं. आई काही दुष्ट नाही. तिला फक्त एवढंच वाटायचं की मुलगी कॅमेरा घेऊन हिंडते म्हणजे हिंडते.

चष्म्याचं दुकान कॉलेजच्या मागच्या गल्लीत होतं. अरुंद आणि लांब. पुढे काउंटर, भिंतभर फ्रेम, आणि आत पडदा ओढून केलेली अंधारी खोली. काउंटरवर एक बाई बसल्या होत्या. सगळी गल्ली त्यांना आत्या म्हणायची, पण सख्ख्या आत्या त्या एकाच माणसाच्या होत्या, आणि तो माणूस आत अंधारात भिंगं पुसत बसला होता.

"बसा. डावा डोळा झाका. आता चौथी ओळ वाचा."

"कुठली ओळ?"

"चौथी."

"एकूण ओळी किती आहेत?"

त्याने हातातलं भिंग खाली ठेवलं. "तुम्ही... काम काय करता?"

"व्हिडिओ शूट करते."

"असं होय," तो म्हणाला. हसू दाबल्याचं आवाजातसुद्धा ऐकू येतं.

त्याने माझ्या नाकावर एक जड गोल सांगाडा बसवला आणि एकेक भिंग त्यात सरकवायला सुरुवात केली.

"हे बरं... की हे?"

"पहिलं."

"आणि आता?"

"दुसरं. थांबा... नाही, पहिलंच. तुम्ही काच बदललीत तरी का?"

"नाही. तुम्ही खरं सांगता का, ते बघत होतो."

"ही कुठली पद्धत?"

"लोक मला बरं वाटावं म्हणून बरं दिसतंय म्हणतात. मग घरी जाऊन ठेचकाळतात."

मी काहीतरी ठसकेबाज बोलणार होते. पण तेवढ्यात त्याने आणखी एक भिंग टाकलं, ते हलकंसं फिरवलं, आणि समोरची ओळ जागेवर आली. अक्षरांना कडा असतात हे मला तेव्हा कळलं. मग मी अक्षरं सोडून जवळ बघितलं. तो वाकून माझ्या नाकावरची पट्टी नीट करत होता. लांब पापण्या. हनुवटीवर दाढी करताना लागलेली बारीक जखम. हे सगळं किती तरी दिवसांनी एखाद्या माणसावर दिसत होतं, आणि ते बघत राहणं अगदी बरं वाटत होतं.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही. दिसतंय."

त्याने शेजारचा आरसा वळवून माझ्यासमोर धरला. मी माझा चेहरा बघितला आणि चमकले. तोंड अर्धवट उघडं, भुवया वर, कुणीतरी दार उघडून आत आलंय असा चेहरा. असा चेहरा मी स्वतःचा कधी बघितला नव्हता, आणि इतरांचाही क्वचितच.

"हे सगळ्यांचंच होतं का?"

"काय?"

"हा चेहरा. पहिल्यांदा नीट दिसतं तेव्हाचा."

"जवळजवळ सगळ्यांचं. दोन-तीन सेकंद. मग लोक सावरतात आणि किंमत विचारतात."

माझी फिल्म मला तिथे, त्या खुर्चीत मिळाली.

चष्मा तयार झाल्यावर घ्यायला गेले तीच कॅमेरा घेऊन. आत्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि अटी घातल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारायचं. नाही म्हणालं तर हट्ट करायचा नाही. आणि काउंटरसमोर पाय पसरून बसायचं नाही.

"आणि माझा चेहरा नको," तो आतून म्हणाला.

"का बरं? वाईट नाहीये."

पडद्यामागे काहीतरी पडलं. बहुधा भिंग. "नको म्हणजे नको. मला कॅमेऱ्यासमोर अवघडल्यासारखं होतं."

"बरं. नाही घेणार. शब्द दिला."

मग मी रोज दुपारी दुकानात जायला लागले. आरशाच्या बाजूला कॅमेरा लावायचा, गिऱ्हाईक समोर खुर्चीत, आणि तो चष्मा चढवून एका बाजूला सरकायचा म्हणजे चौकटीत येणार नाही. मी कॅमेऱ्याला डोळा लावून बसायचे. एक शिवणकाम करणारी बाई आली. तिने चष्मा लागताच पदराची सुई काढली, दोरा ओवला, परत काढला, परत ओवला. एक शाळकरी मुलगी बाहेरच्या झाडाकडे बघून म्हणाली, "पानं सुटी सुटी आहेत की." एक आजी आल्या, सोबत आजोबा. आजींनी नवा चष्मा लावून आजोबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, तुम्ही इतके म्हातारे कधी झालात?" आजोबा म्हणाले, "तुझा नंबर वाढत होता तेव्हा."

मी हसून कॅमेरा हलवला. तो शॉट अजून माझ्याकडे आहे, हललेला.

दुसऱ्या दोन गोष्टीही सुरू झाल्या होत्या. एक म्हणजे चहा. आत्या तीन कप मागवायच्या आणि स्वतःचा संपवून नेमक्या त्याच वेळी शेजारच्या दुकानात काहीतरी विचारायला जायच्या. दुसरी गोष्ट म्हणजे माझा चष्मा घसरायचा. खरंच घसरायचा, निदान पहिल्यांदा. त्याने दांडी गरम हवेवर धरून वाकवली, माझ्या कानामागे बसवली, बोटाने नीट दाबून बघितली. "आता?" मी म्हटलं, "आता ठीक." दोन दिवसांनी परत घसरला. मग परत.

"रोज रोज नाक बारीक होतं की काय हिचं?" आत्या काउंटरवरून म्हणाल्या.

"फ्रेमच सैल आहे, आत्या," मी म्हणाले.

"मी फ्रेमबद्दल कुठे बोलतेय? चोराच्या मनात चांदणं."

तो मात्र मान खाली घालून दांडी गरम करत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. गरम हवेने झाले असतील, असं मी स्वतःला सांगितलं.

एका दुपारी पावसाची झिमझिम होती आणि गिऱ्हाईक एकही नव्हतं. मी भिजत आले ती चष्म्यावर थेंबच थेंब. काही दिसेना म्हणून ओढणीने पुसायला गेले.

"थांब, ओरखडे येतील."

त्याने स्वतःच माझा चष्मा काढून घेतला. मऊ कापड काढलं, आधी फुंकर मारली, मग गोल गोल पुसत राहिला. मी तिथेच उभी. चष्मा नसला की तो मला पुन्हा धूसर दिसायचा, आणि तेही काही वाईट नव्हतं.

"तुम्ही मला 'थांब' म्हणालात," मी म्हटलं.

"चुकून गेलं."

"मग चुकू द्या की."

त्याने चष्मा परत माझ्या नाकावर ठेवला, जरा जास्तच सावकाश. काहीतरी बोलणार होता... तेवढ्यात दार ढकलून एक गृहस्थ आत आले आणि त्यांची दांडी मोडली होती. जगातल्या सगळ्या दांड्या मोडायला तोच मुहूर्त सापडतो.

शूटिंग संपलं. कॉलेजच्या एडिटिंगच्या खोलीत मोठ्या पडद्यावर मी चेहरे लावून बघत होते. आजींच्या डोळ्यांत काय होतं ते जवळून बघावं म्हणून चित्र मोठं केलं. चष्म्याच्या काचेत खिडकीचा पांढरा चौकोन दिसला, दार दिसलं, आणि दोन ठिपके दिसले. आणखी मोठं केलं.

एक ठिपका म्हणजे मी. कॅमेऱ्याला डोळा चिकटवून वाकलेली. दुसरा तो. बाजूला उभा, आजींकडे पाठ नव्हती, पण बघत आजींकडे नव्हता. मान वळवून माझ्याकडे बघत होता.

मी शिवणकामवाल्या बाईंची क्लिप काढली. काचेत तोच, तसाच. शाळकरी मुलीच्या चष्म्यात तोच. ज्यांनी अँटीग्लेअर काच घेतली होती त्यांच्या डोळ्यांवर काही नव्हतं, ती काच प्रतिबिंब पडू देत नाही. पण साध्या काचेचा प्रत्येक माणूस त्याला घेऊन बसला होता. लोक जग पहिल्यांदा बघत होते, आणि तो मला. आणि मी मेली कॅमेऱ्यात डोळा खुपसून बसले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली आणि परत बसले. मागे मॅडम उभ्या होत्या.

"हा कोण?"

"दुकानातला. म्हणजे चष्मे करतो तो."

"आणि बघतोय कुणाकडे?"

मॅडमनी पुढच्या तीन क्लिप स्वतः लावून बघितल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काही कापायला सांगितलं नाही.

"नुसते चेहरे दाखवलेस तर फिल्म बरी होईल. हे दाखवलंस तर लोक उठणार नाहीत. आधी चेहरा दाखव, मग हळूहळू काचेत शीर. हीच तुझी फिल्म आहे."

"पण त्याने चेहरा नको म्हणून सांगितलंय. मी शब्द दिलाय."

"मग जाऊन विचार. विचारायला काय जातं?"

बरंच काही जात होतं. हे दाखवू का विचारायचं म्हणजे आधी त्याला हे दाखवायचं. म्हणजे सांगायचं की मला कळलंय. ज्याने एवढे दिवस ते लपवलं, त्याच्यासमोर ते पडद्यावर लावायचं. आणि न विचारता दाखवलं तर? तो प्रदर्शनाला आलाही नसता कदाचित. कुणाला कळलं असतं? हा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. आला आणि दोन दिवस मुक्काम ठोकून राहिला. शेवटी मी लॅपटॉप उचलला आणि दुकानात गेले.

दुपारी दुकान अर्धं बंद असायचं. आम्ही आतल्या अंधाऱ्या खोलीत बसलो. मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, तो स्टुलावर. मी क्लिप लावल्या. तो बघत राहिला, आणि त्याचे कान लाल व्हायला लागले. इथे तर काही गरमही नव्हतं.

"किती जणांच्या काचेत आहे हे?"

"बऱ्याच."

"अँटीग्लेअर घ्या, अँटीग्लेअर घ्या म्हणून घसा कोरडा होतो माझा. ऐकतात का लोक?"

मी हसले. तो हसला नाही. मी म्हटलं, "हे फिल्ममध्ये ठेवू? तुम्ही हो म्हणालात तरच."

लॅपटॉपवर आजी थांबलेल्या होत्या, भुवया वर करून.

"या आजींना कित्येक वर्षांनी नीट दिसत होतं," तो म्हणाला. "त्या वेळी माझं काम काय? त्यांच्याकडे बघणं. काच नीट बसली का, डोळे ताणले जातायत का. आणि मी बघा कुठे बघतोय. प्रत्येकाच्या वेळी. माणसं विश्वासाने समोर बसतात... हे भिंतीवर एवढं मोठं नको. मला लाज वाटेल."

"नको?"

"नको."

"बरं," मी म्हणाले. लॅपटॉप मिटला. "येते."

त्याने मागून हाक मारली, पण मी पडद्याबाहेर पडले होते. आत्यांनी हाक मारली तीही मी ऐकली नाही असं दाखवलं. कोपऱ्यावर पोचेपर्यंत रडू आवरलं, मग आवरलं नाही. चष्मा लावून रडणं हा एक नवाच व्याप असतो. मला फिल्मचं वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त वाटत होतं ते हे, की ज्याला आपल्या बघण्याचीच लाज वाटते त्याला पुढे आणखी काय विचारायचं? उत्तर मिळालंच होतं.

मी परत दुकानात गेले नाही. एडिटिंगच्या खोलीत बसून एकेका क्लिपमधून त्याला काढलं. नुसतं पुसता येत नव्हतं, कारण तो नेमका डोळ्यांवर होता. म्हणून साध्या काचवाल्यांचे डोळेच चौकटीबाहेर ठेवले. उरली ती तोंडं, गाल, हात. उघडणारे ओठ. सुईकडे जाणारी बोटं. आजोबांच्या दिशेने वळणारी आजींची हनुवटी. मधेमधे अँटीग्लेअरवाल्यांचे पूर्ण चेहरे.

मॅडमनी बघितली. "नाही म्हणाला?"

"नाही म्हणाला."

त्यांनी पुन्हा एकदा लावून बघितली. "दुसरी चांगली होती," त्या म्हणाल्या. "पण ही तुझी स्वतःची आहे. हिच्यात कुणाचं चोरलेलं काही नाही. लाव."

प्रदर्शनाच्या दिवशी हॉलमध्ये अंधार होता आणि भिंतीवर माझी फिल्म सुरू होती. आई आली होती, सोबत मामाही, खुर्ची रिकामी आहे हे डोळ्यांनीच सांगत. त्या आजी-आजोबाही आले होते. भिंतभर हनुवटी आली तशी आजींनी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "ही माझी." बाहेरून आलेले परीक्षक फिल्म संपल्यावर उठतील असं वाटलं होतं. ते उठले नाहीत, पुन्हा सुरुवातीपासून बघायला बसले. मॅडम माझ्याजवळून जाताना म्हणाल्या, "मामांना म्हणावं, खुर्चीला दुसरं माणूस बघा."

मी पास झाले होते. आनंदाने डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनी मी मागे बघितलं तर मागच्या भिंतीला टेकून तो उभा होता. शेजारी आत्या. आत्यांनी त्याला कोपराने ढोसलं आणि स्वतः माझ्या आईशी ओळख काढायला निघून गेल्या.

तो बाहेर व्हरांड्यात आला. मीही आले. गळ्यात कॅमेरा तसाच होता.

"मी दोनदा बघितली," तो म्हणाला. "मी कुठेच नाहीये."

"तुम्ही नको म्हणालात ना."

"हो, पण... एखादी जागा राहिली असेल असं वाटलं होतं. चुकून."

"मी सगळं तपासलं. एकेक चित्र."

"ती दुसरी... जास्त चांगली झाली असती का?"

"हो."

त्याने मान खाली घातली. मग वर करून म्हणाला, "आणि तरी काढलंस."

ते 'काढलंस' यावेळी चुकून आलं नव्हतं, हे दोघांनाही कळलं.

"त्या दिवसानंतर तू आलीच नाहीस," तो म्हणाला. "आत्या रोज तीन कप मागवते. तिसरा मला प्यावा लागतो. झोप येत नाही."

"नाही म्हटल्यावर कशाला यायचं?"

"नाही कुणाला म्हटलं? फिल्मला म्हटलं." तो म्हणाला. "तू तेवढंच विचारलं होतंस. दुसरं काही विचारलंच नाहीस, तडक निघून गेलीस. मी हाक मारली ती ऐकलीही नाहीस."

इतके दिवस मी ज्या उत्तराने रडत होते, त्याचा प्रश्न मी विचारलाच नव्हता. मला हसू यायला लागलं.

"मग आता विचारू?"

"विचार."

"मी तुला आवडते का?"

"हो," तो म्हणाला. एका क्षणाचाही वेळ घेतला नाही. "खूप. आणि त्याची मला लाज वाटत नाही, तेवढं लक्षात ठेव. कामाच्या वेळी बघत होतो, त्याची वाटत होती."

त्याचा चेहरा कसा झाला होता काय सांगू. मी कितीतरी चेहरे बघितले होते तोवर, असा एकही नव्हता. माझा हात आपोआप गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे गेला. त्याने ते बघितलं.

"घे," तो म्हणाला. "आता चालेल. आता मी कामावर नाहीये."

"नको." मी कॅमेरा पाठीवर सरकवला. "मी प्रत्येक वेळी कॅमेऱ्यात बघत होते आणि तू माझ्याकडे. आज मला बघू दे."

"बघ की," तो म्हणाला आणि हसत उभा राहिला, थोडा अवघडून, पण हलला नाही. आतून आत्यांचा आणि आईचा आवाज जवळ येत होता. मी तरी बघतच राहिले.